आपल्या जीवनाची पैसेवारी



आज ख्रिस्तराजाचा सण. पुढच्या रविवारी आगमनकाळ सुरू होईल आणि त्याबरोबर ख्रिस्तसभेचे नवे उपासनावर्षही. जगाचे नवे वर्ष जानेवारीत उगवते, आपले थोडे आधीच उगवते. आपल्या किन्हवली परिसरात या दिवसांत भाताची कापणी उरकत आलेली असते. भारे खळ्यावर आलेले असतात, कुठे झोडणी चालू असते, कुठे उडवी रचून ठेवलेली असते. जो तो दुसऱ्याला एकच प्रश्न विचारतो, "यंदा किती उतरले?"

याच सुमारास सरकारदरबारी गावाची पैसेवारी निघते. पूर्वी तिला आणेवारी म्हणत. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस पीक. पुढे आणे गेले, पैसे आले. पन्नास पैशांच्या आत आकडा आला की पीक बुडाले असे धरतात आणि शेतसारा, कर्जवसुली, मुलांची परीक्षा फी अशा बाबतीत सवलतींचा विचार होतो. ही पैसेवारी एकदम ठरत नाही. आधी नजरअंदाज काढतात. पीक उभे असतानाच शेत पाहून 'इतके येईल' असे म्हणतात. मग सुधारित आकडा येतो. अखेरचा आकडा ठरवताना पीक कापणी प्रयोगाचा आधार घेतात. शेतात उतरून ठरावीक मापाचा तुकडा आखतात, त्यातले भात कापतात, झोडतात आणि तराजूत घालतात. बांधावरून हिरवेगार दिसणाऱ्या शेतात कधी कधी निम्मे दाणे पोचट निघतात. तर कधी बांधावरून विरळ दिसणारे शेत खळ्यावर चांगले उतरते. हे आपल्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

आज आपण असा विचार करू या, की वर्ष संपताना आपण आपल्या जीवनाची पैसेवारी कशी काढतो? बांधावरून, की शेतात उतरून?

नजरअंदाज का चुकतो?

तसे पाहिले तर आपण सतत कोणाकडून तरी मोजले जात असतो. शाळेत मुलाला प्रगतिपुस्तक मिळते. मुरबाडच्या एमआयडीसीत किंवा आसनगावहून लोकल पकडून कल्याण, ठाण्याला कामाला जाणाऱ्या आपल्या काही तरुणांना वर्षाच्या शेवटी कंपनीत एक फॉर्म भरावा लागतो. त्यात स्वतःच स्वतःला गुण द्यायचे असतात, आणि पुढच्या वर्षी काय करून दाखवणार तेही लिहायचे असते. असा फॉर्म भरताना कोणी स्वतःला कमी गुण देत नाही, कारण पगारवाढ त्यावर अवलंबून असते. ही गोष्ट आपण हसून सोडून देतो. पण देवासमोर उभे राहिल्यावर तरी आपण वेगळा फॉर्म भरतो का?

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने दोन माणसांची गोष्ट सांगितली आहे. दोघेही मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी देवापुढे उभा राहतो आणि आपला अहवाल वाचतो. आठवड्यातून दोनदा उपवास, सगळ्या उत्पन्नाचा दशांश दान. त्याचे आकडे खोटे होते असे येशू म्हणत नाही. तो माणूस खरोखरच उपवास करीत असेल, खरोखरच दान देत असेल. मग चुकले कुठे? दोन ठिकाणी. एक तर जे मोजायला सोपे तेवढेच त्याने मोजले. आणि दुसरे म्हणजे मोजताना माप म्हणून त्याने शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराला घेतले. 'मी याच्यासारखा नाही' हा त्याचा तराजू. अशा तराजूत आपण नेहमीच जड भरतो, कारण आपल्यापेक्षा हलका माणूस शोधून काढणे मुळीच कठीण नसते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण आपण मुलांबद्दल वापरतो. पण आपल्या स्वतःच्या गुणदोषांनाही ती तितकीच लागू पडते. आपला राग तो स्पष्टवक्तेपणा, दुसऱ्याचा राग तो उद्धटपणा. आपण हात आखडला तर ती काटकसर, दुसऱ्याने आखडला तर तो चिक्कूपणा.

आपणही असेच करतो. किती रविवार मिस्साला आलो, किती शुक्रवार मांसाहार टाळला, किती वेळा रोजरी म्हटली, हे आपल्याला सांगता येते. या गोष्टी चांगल्याच आहेत, त्या सोडा असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या भावाशी बांधाच्या वादावरून गेली कित्येक वर्षे आपण बोललेलो नाही, तो भाऊ या मोजणीत येतच नाही. आवणीच्या वेळी कंबरेत वाकून राबलेल्या बायांची मजुरी आपण त्याच संध्याकाळी दिली, की चार खेपा घालायला लावल्या, हे मोजणीत येत नाही. घरात शिरताना आपली पावले ऐकून मुले हसत बाहेर येतात की गुपचूप कोपऱ्यात सरकतात, हेही येत नाही. बांधावरून हे दिसत नाही. त्यासाठी शेतात उतरावे लागते.

मिस्साच्या सुरुवातीला आपण छातीवर हात मारून अपराध कबूल करतो, तेव्हा विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर एका चौथ्या गोष्टीचेही नाव घेतो. जे करायला हवे होते पण केले नाही, ते. आपला नजरअंदाज चुकतो तो बहुतेक वेळा या चौथ्या खात्यात. केलेले पाप निदान आठवते. न केलेले चांगले काम कसे आठवणार? ते घडलेलेच नसते.

दोन्ही बाजूंचा अंदाज चुकला

आजच्या सणाला साजेसा एक मोठा देखावा संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. राजा सिंहासनावर बसला आहे आणि सर्व राष्ट्रे त्याच्यापुढे जमली आहेत. ही अंतिम पैसेवारी. राजा सहा जणांबद्दल विचारतो. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगात असलेला. हा उतारा आपण अनेकदा ऐकला आहे. पण त्यातली एक गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही. राजाचा निकाल ऐकून दोन्ही बाजूचे लोक चकित होतात. डावीकडचे म्हणतात, आम्ही तुला कधी पाहिले आणि सेवा केली नाही? उजवीकडचेही तेच म्हणतात, आम्ही तुला कधी पाहिले आणि सेवा केली? म्हणजे दोघांचाही नजरअंदाज चुकला होता. एकाने स्वतःला जास्त धरले होते, दुसऱ्याने कमी.

स्वतःला जास्त धरणाऱ्यांबद्दल प्रवचनांत पुष्कळ ऐकायला मिळते. पण आपल्या भागात दुसऱ्या बाजूचे लोकही कमी नाहीत, आणि त्यांच्याविषयी क्वचितच कोणी बोलतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबे भातकापणी झाली की वीटभट्टीवर जातात आणि पावसाळा तोंडावर आला की परततात. जाण्याआधी उचल घेतलेली असते. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो, तो मालकाच्या वहीतला. वही कोणी लिहिली, विटा कोणी मोजल्या, हे विचारायची हिंमत नसते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द केली, पण वहीचे भय कायद्याने एका दिवसात जात नाही. जो माणूस पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या वहीत मोजला गेला, ज्याला प्रत्येक हिशेबात 'तुझ्याकडेच निघते' असे ऐकायची सवय झाली, त्याला आपण म्हटले, "आत्मपरीक्षण कर, तुझ्या चुका शोध", तर तो काय ऐकेल? तो आणखी एक हिशेब ऐकेल. आणि देव म्हणजे आणखी मोठी वही घेऊन बसलेला मालक, अशीच त्याची समजूत होईल.

तेव्हा हे स्पष्ट सांगितले पाहिजे की ख्रिस्ती आत्मपरीक्षण तसे नाही. उधळ्या पुत्राची गोष्ट आठवा. परक्या मुलखात डुकरे राखताना तो भानावर आला. त्याने स्वतःची पैसेवारी काढली आणि पुढचे ध्येयही ठरवले. बापाला काय सांगायचे त्याची त्याने तयारी केली. मी पाप केले, मी तुझा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एखाद्या मजुरासारखे ठेव. घरी पोहोचल्यावर तो बोलू लागतो, पण संत लूकच्या वृत्तांतात शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही. बाप त्याआधीच चाकरांना झगा, अंगठी आणि वहाणा आणायला सांगतो. चूक कबूल करण्यापर्यंत बापाने त्याला बोलू दिले. पण 'मी मजूर होण्याच्याच लायकीचा' हा त्याने स्वतःविषयी काढलेला आकडा बापाने मान्य केला नाही. मुलाची चूक खरी होती, आणि त्याचे मुलगेपणही तितकेच खरे होते. आत्मपरीक्षण करताना आपण या दोन्ही गोष्टी धरून बसलो तरच ते खरे. पहिली सोडली तर आपण परूशी होतो. दुसरी सोडली तर देवाच्या घरात आपण मजूर म्हणून राहतो.

शेतात उतरण्याची एक जुनी रीत

मग शेतात उतरायचे कसे? यासाठी ख्रिस्तसभेत अनेक रीती आहेत. त्यांतली एक पावणेपाचशे वर्षांहून जुनी आहे आणि तिला पैसा लागत नाही, फार शिक्षणही लागत नाही. ती दिली संत इग्नेशियस लोयोला यांनी, येशूसंघाच्या संस्थापकांनी. त्यांचे जिवलग सोबती संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला उतरले. त्यांचा सण येत्या ३ डिसेंबरला आहे. त्यामुळे ही रीत आपल्या भूमीवरही फार पूर्वीच आलेली आहे.

इग्नेशियस हे मुळात स्पेनमधले एक शिपाईगडी. मानमरातबाचे वेडे. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला. घरी खाटेवर पडून असताना त्यांना दोन तऱ्हेची स्वप्ने पडत. कधी पराक्रम गाजवून एका थोर स्त्रीची मर्जी मिळवण्याची, तर कधी संतांप्रमाणे देवासाठी सर्व सोडण्याची. दोन्ही स्वप्ने रंगवताना गोड वाटत. पण पहिले स्वप्न ओसरल्यावर मन कोरडे पडे. दुसरे ओसरल्यावरही मनात आनंद उरे. हा फरक त्यांच्या ध्यानात आला, आणि त्यांच्या पुढच्या सर्व शिकवणुकीचा पाया तेथे पडला. म्हणजे आत्मपरीक्षणाची सुरुवात पापांच्या यादीने झाली नाही. मनात काय उरते, हे शांतपणे पाहण्याने झाली.

पुढे त्यांनी लिहिलेले 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांच्या मान्यतेने छापले गेले. त्यात रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. पहिली, मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार मानणे. दुसरी, आपले दोष ओळखण्यासाठी प्रकाश मागणे. तिसरी, उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने आठवणे, आधी विचार, मग शब्द, मग कृती. चौथी, क्षमा मागणे. पाचवी, देवाच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय करणे.

आता या पायऱ्यांचा क्रम पाहा. आपण सहसा तिसऱ्या पायरीवरच उडी मारतो आणि चौथीवर थांबतो. त्यामुळे मन खट्टू होते आणि दोन दिवसांत ते काम सुटते. इग्नेशियस आधी आभार मानायला लावतात. ज्याने दिवसभरात मिळालेले पाहिले, त्यालाच आपण काय दवडले ते नीट दिसते. वीटभट्टीवरून थकून आलेल्या माणसालाही मग असे आठवू शकते की आज एकाने आपली घागर भरून दिली, मूल तापातून उठले, आणि आपण स्वतः एका म्हाताऱ्याला हात दिला. उजवीकडच्या लोकांना जे आठवत नव्हते तेच हे.

दुसरी पायरीही महत्त्वाची. दोष शोधायला लागणारा प्रकाश आपला नसतो, तो मागावा लागतो. संत पौल करिंथकरांना लिहितात की त्यांना आपल्या मनात काही दोष दिसत नाही, पण तेवढ्याने ते निर्दोष ठरत नाहीत, न्याय करणारा प्रभू आहे. पौलांसारखा माणूस स्वतःच्या नजरअंदाजावर भिस्त ठेवीत नसेल, तर आपण किती ठेवावी?

या प्रकाशाचा काही भाग आपल्या घरातूनही मिळतो. आपले दोष आपल्यापेक्षा आपल्या बायकोला, नवऱ्याला, सुनेला, मुलांना जास्त चांगले ठाऊक असतात, कारण त्यांची किंमत तेच मोजत असतात. वर्षातून एकदा तरी, मन शांत असताना, त्यांना विचारून पाहावे, "माझ्या कोणत्या गोष्टीचा तुम्हाला त्रास होतो?" आणि उत्तर आल्यावर सफाई न देता ऐकून घ्यावे. हा पीक कापणी प्रयोगच आहे. तुकडा लहान, पण वजन खरे.

राबापुरती जागा

पाचवी पायरी निश्चयाची, म्हणजे आजच्या भाषेत ध्येय ठरवण्याची. येथे आपण फार मोठा घास घेतो. 'यापुढे मी चांगला वागेन', 'यंदा दारू, तंबाखू, राग सगळे बंद', असे ठरवतो आणि नव्याचे नऊ दिवस संपले की पहिले पाढे पंचावन्न.

आपली शेती आपल्याला काय शिकवते? संपूर्ण शेतात आपण एकदम भात पेरीत नाही. उन्हाळ्यात राबाची लहानशी जागा निवडतो, पालापाचोळा, टहाळ, शेण पसरून ती भाजतो, आणि पाऊस आला की तेवढ्याच जागेत रोप वाढवतो. त्या वीतभर रोपांतून पुढे सगळे शेत लावले जाते. निश्चयाचेही तसेच आहे. जागा लहान निवडावी, पण ती नीट भाजावी.

इग्नेशियस यांनीही हेच सांगितले. सर्वसाधारण आत्मपरीक्षणाबरोबर त्यांनी एक खास परीक्षण दिले, एका वेळी एकाच दोषासाठी. सकाळी उठताच तो दोष मनात आणून आज जपायचे असे ठरवावे. दुपारी जेवणानंतर आणि रात्री जेवणानंतर आठवून पाहावे, किती वेळा घसरलो. कागदावर प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा ओढून घसरण्याच्या प्रत्येक वेळेसाठी एक ठिपका द्यावा. मग दुपार आणि रात्र, काल आणि आज, गेला आठवडा आणि हा आठवडा ताडून पाहावे. चूक होताच छातीवर हात ठेवावा. चारचौघांत असतानाही हे कोणाच्या लक्षात न येता करता येते. येथे माप म्हणून शेजारी नाही, कालचा आपणच आहोत. परूशाचा तराजू आणि हा तराजू यांत फरक आहे तो हाच.

मात्र ठिपके कमी झाले म्हणजे सर्व साधले असेही नाही. याच लूकच्या शुभवर्तमानात, परूशाच्या गोष्टीनंतर पुढच्याच अध्यायात, जक्कय भेटतो. यरीहोच्या जकातदारांचा मुख्य, श्रीमंत, अंगाने बुटका, येशूला पाहण्यासाठी झाडावर चढलेला. त्याच्याही तोंडी आकडे आहेत. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत. परूशाचे आकडे आणि जक्कयचे आकडे शेजारी ठेवून पाहा. परूशाचे आकडे झालेल्या गोष्टींचे आहेत आणि ते देवाला ऐकवण्यासाठी आहेत. जक्कयचे आकडे आता द्यायच्या गोष्टींचे आहेत, आणि त्यांत ज्याचे नुकसान झाले तो माणूस आहे. जक्कय 'मी प्रामाणिक होईन' एवढेच म्हणून थांबला नाही. कोणाला, काय, किती, हे त्याने सांगितले. आणि ते चारचौघांत सांगितले, म्हणजे उद्या कोणीही त्याला विचारू शकेल.

आपले वर्षाचे ध्येय या कसोटीला लावून पाहू या. ज्याला आपल्या दोषाची झळ लागली त्याला आपल्या सुधारणेतून काही मिळणार आहे का? 'मी राग कमी करीन' यापेक्षा 'रात्री जेवताना मुलांना रागावणार नाही' हे बरे. 'मजुरांशी चांगले वागेन' यापेक्षा 'मजुरी त्याच दिवशी हातात देईन, आणि मागच्या वर्षीची राहिलेली या महिन्यात चुकती करीन' हे बरे. 'भावाला क्षमा केली' असे मनातल्या मनात म्हणण्यापेक्षा नाताळपूर्वी एका संध्याकाळी बांध ओलांडून त्याच्या ओट्यावर जाऊन बसणे बरे. तो काय म्हणेल ते आपल्या हाती नाही. जाणे आपल्या हाती आहे.

ठरवलेले फसले तर?

येथे कोणी विचारील, हे सगळे आपणच करायचे, तर देवाच्या कृपेचे काय? आणि करूनही फसलो तर?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. पाऊस देवाचा, बांधबंदिस्ती आपली. बांध नीट असला म्हणून पाऊस पडत नाही. पण बांध फुटका असला तर पडलेला पाऊस खाचरात राहत नाही. निश्चय हा असाच बांध. त्याने कृपा निर्माण होत नाही, आलेली कृपा वाहून जाऊ नये एवढेच त्याचे काम.

दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्या शेजारच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्याकडे पाहू या. सोळाव्या शतकात वसईला जन्मलेला हा मुलगा येशूसंघीयांबरोबर जपानला गेला. तेथे अनेक वर्षे त्याने धर्मशिक्षक म्हणून काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा हे त्याचे ध्येय होते, पण ते पुरे झाले नाही. तो बाहेर पडला, व्यापार करू लागला, व्यापारात त्याला यशही मिळाले. पण मनात जे उरले होते ते गेले नाही. पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला, जपानी भाषा येत असल्याने दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह त्याने ख्रिस्तासाठी क्रुसावर प्राण दिला. १८६२ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला संत म्हणून जाहीर केले. त्याने पहिल्याने ठरवलेले ध्येय फसले होते. पण ध्येयामागची हाक फसली नव्हती. ज्या दारातून आपण जाऊ पाहतो ते दार बंद झाले, तर आपण नालायक ठरलो असा अर्थ लगेच काढू नये.

इग्नेशियस यांनाही कमी अडचणी आल्या नाहीत. मान्रेसा या गावी राहत असताना जुन्या पापांच्या शंकांनी त्यांना इतके छळले की कितीही वेळा पापनिवेदन केले तरी समाधान होईना, आणि जीव देण्याचे विचारही मनात आले. त्या अंधारातून देवाने त्यांना बाहेर काढले. म्हणून आत्मपरीक्षण करता करता जर कोणाचे मन सतत स्वतःलाच कोसत राहिले, झोप उडाली, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला, तर तो मोठा पश्चात्ताप आहे असे समजू नये. अशा वेळी एकट्याने हिशेब करणे थांबवावे, आणि घरच्यांना, धर्मगुरूंना, गरज असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. बरे झाल्यावर इग्नेशियस यांनी काय केले? देवाच्या कामासाठी शिक्षण हवे हे त्यांना कळले, आणि तिशी ओलांडल्यावर बार्सिलोना येथे लहान मुलांच्या बाकावर बसून त्यांनी लॅटिन शिकायला सुरुवात केली. आपल्यातल्या ज्या आईबापांना वाटते की आता या वयात अक्षर काय शिकायचे, सवय काय मोडायची, त्यांनी त्या बाकावर बसलेल्या शिपाईगड्याला डोळ्यांपुढे आणावे.

आणि आपल्याजवळ प्रायश्चित्ताचा संस्कार आहे. तेथे आपण आपला आकडा सांगतो, आणि अंतिम आकडा प्रभू ठरवतो. आगमनकाळात नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत थांबून घाईघाईने रांगेत उभे राहण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात जाऊ या. निश्चयाला पुढचे सगळे दिवस मिळतील.

या आठवड्यासाठी

या आठवड्यात रोज रात्री जेवणे आटोपल्यावर दहा मिनिटे काढू या. टीव्ही आणि मोबाईल बंद. देवघरातल्या क्रुसासमोर दिवा किंवा मेणबत्ती लावून प्रत्येकाने मनातल्या मनात चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत. आज मला काय मिळाले? आज माझ्यामुळे कोणाला बरे वाटले, कोणाला वाईट? जे करायला हवे होते ते कोणते राहिले? उद्या एकच गोष्ट कोणती, आणि ती कोणासाठी? लहान मुलांनाही यात बसवावे, पण त्यांना 'तुझ्या चुका सांग' असे म्हणू नये. त्यांना आधी आभार मानायला शिकवावे, आणि आईबापांनी आपली एखादी चूक त्यांच्यासमोर कबूल करावी. मुलांना त्यातून जे शिकायला मिळेल ते उपदेशाने मिळणार नाही. आठवड्याच्या शेवटी वर्षभराचे एकच ध्येय कागदावर लिहावे, त्यात एका माणसाचे नाव असावे, आणि तो कागद पवित्र शास्त्रात ठेवून द्यावा. पुढच्या वर्षी ख्रिस्तराजाच्या सणाला तो काढून पाहू या.

आता खळ्यावर वारा सुटला की आपण सूप उचलू आणि भात उफणू. पोचट उडून जाईल, दाणा पायाशी पडेल. दाणा कमी पडला तरी कोणी शेतकरी शेत सोडून देत नाही. तो बियाणे बाजूला काढतो आणि पुढच्या राबाची जागा मनात धरतो. आपला राजा वही घेऊन बसलेला मालक नाही. तो स्वतः क्रुसावर चढला आणि शेजारच्या गुन्हेगाराला त्याच दिवशी सुखलोकात घेऊन गेला. त्या गुन्हेगाराजवळ दाखवायला पैसाभरही पीक नव्हते, फक्त एक खरे बोललेले वाक्य होते.

हे प्रभो ख्रिस्तराजा, आम्ही स्वतःला मोठे समजलो असू तर आम्हाला शेतात उतरव. आम्ही स्वतःला टाकाऊ समजलो असू तर आम्हाला हात धरून उठव. तुझ्या प्रकाशात आम्हाला आमचे जीवन दिसू दे, आणि जे एक पाऊल टाकायचे आहे ते आजच टाकण्याची कृपा दे. आमेन.